चार कलमांचा कायदा

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवीत, बंदराला खेटून असलेल्या गोदामांच्या दाट वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. त्यात अवघी चार कलमे होती. पहिल्यात कायद्याचे नाव. दुसऱ्याने प्रवाशांची तपासणी करण्याची, संशयितांना वेगळे ठेवण्याची आणि गरज वाटेल तो हुकूम काढण्याची मुभा सरकारला दिली. तिसऱ्यात हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्यात सद्हेतूने वागलेल्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे अभय. आजाऱ्याला औषध कोणी द्यायचे, कमावता माणूस छावणीत नेला तर मागे घर कसे चालायचे, याविषयी एक अक्षरही नाही. वसाहतवादाने आपल्या आरोग्यव्यवस्थेला कोणते वळण लावले, ते मला या गाळलेल्या मजकुरात दिसते. सरकार गरिबाच्या घरात रोग हुडकायला शिरले, पण त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी त्याने कायद्याने कधी अंगावर घेतली नाही.

या घाईमागे व्यापाराचा धाक होता. त्याच वर्षी व्हेनिसला प्लेगविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हिंदुस्थानातून येणारी जहाजे अडवली जाण्याची चिन्हे होती. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख रँड यांनी झडतीसाठी गोरे सोजीर उतरवले. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, घरातले सामान जाळत, काखेत-जांघेत गाठ आहे का ते चारचौघांत पाहत. यातल्या प्रत्येक तक्रारीला पुरावा होता असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये केलेले गंभीर आरोप सिद्ध करता न आल्याने गोखल्यांना परतल्यावर जाहीर माफी मागावी लागली. पण तेवढ्याने झडतीची पद्धत निर्दोष ठरत नाही. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ती या संतापातून.

साथ आटोक्यात आणायला कठोर व्हावेच लागते, असे म्हटले जाते. मग त्या कठोरपणाचे फळ तपासू. लोक आजारी माणसे लपवू लागले, गावे सोडून पळू लागले आणि त्यांच्याबरोबर रोगही पसरला. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाली आणि त्यानंतर सक्ती हळूहळू सैल करावी लागली. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमोंद यांनी दाखवून दिले, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो. म्हणजे माणसे उचलून नेण्याचा हा सारा खटाटोप मूळ कारणाला भिडतच नव्हता. पुढच्या काही दशकांत देशात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले. प्लेगची रुग्णालये उघडली गेली हे खरे, पण तिथे माणसाला धाकाने नेले जाई आणि तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. अशा वेळी हाती उरते ती शुश्रूषा, आणि ती विश्वासावाचून होत नाही. पुण्याजवळ हडपसरच्या माळावर यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई ती करत होत्या. रुग्णांची सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आधुनिक वैद्यक इंग्रजांनीच आणले ना, असा प्रश्न येतोच. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. तिथेच हाफकिनांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. या ऋणाविषयी मनात किंतु नको. पण जे. जे. रुग्णालयामागे जमशेटजी जीजीभॉय यांची देणगी आहे, पुण्याच्या ससूनमागे डेव्हिड ससून यांची, आणि मुंबईच्या कामा रुग्णालयामागे पेस्तनजी कामा यांची. सामान्य माणसाचा उपचार हा दात्यांच्या औदार्याचा विषय राहिला. आपला समाजही समतेचा नव्हता: प्लेगच्या दिवसांत मुंबईत जातवार, धर्मवार रुग्णालये निघाली. परकी सत्ता आणि आपली उतरंड, दोहोंनी मिळून आरोग्याला हक्क होऊ दिले नाही.

आता राहिला सर्वांत रास्त आक्षेप: इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे झाली, दोष त्यांच्या माथी किती काळ मारायचा? मारूच नये. भोर समितीने १९४६ मध्ये हिशेब मांडला होता: हजार जन्मांमागे १६२ बालके वर्षाच्या आत दगावत, सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे तत्त्वही तिने घालून दिले. ते आपण अर्धवट अमलात आणले आणि १८९७ चा कायदा मात्र जपून ठेवला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी तोच लावला. त्याच वर्षी तो सुधारला तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा आली. ती योग्यच होती, पण रुग्णाला मागता येईल असे त्यात काहीच आले नाही. सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, हे २०१७ च्या आरोग्य धोरणातले उद्दिष्टही गाठले गेले नाही.

राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. आणीबाणीत आगाऊ पैसे न मागता उपचार करावेत, असे त्यात म्हटले आहे. अंमलबजावणीच्या अडचणी आहेत, खासगी डॉक्टरांचा विरोधही झाला. पण राज्याचे कर्तव्य तिथे निदान लेखी आले. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण त्याविषयी विचारावे.