साडेतीन टक्क्यांचा कर आणि मुंबईच्या गिरण्या

१८९४ साली हिंदुस्थान सरकारने महसुलाची तूट भरून काढण्यासाठी परदेशी मालावर पाच टक्के आयात जकात पुन्हा बसवली. कापडाला आरंभी तीतून वगळले, आणि वर्षअखेर तेही जकातीखाली आले तेव्हा, लँकेशायरची तक्रार राहू नये म्हणून, देशी गिरण्यांच्या बारीक सुतावर तेवढाच अबकारी कर, म्हणजे देशात तयार होणाऱ्या मालावरचा कर, लादला. सुताची बारीकी 'नंबरा'ने मोजतात. ठरावीक वजनात जितके लांब सूत निघेल तितका नंबर मोठा. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः वीस नंबराखालचे जाडे सूत कातत असल्याने हा कर त्यांना फारसा भोवला नाही. १८९६ मध्ये मात्र सूत करमुक्त करून आयात कापडावर साडेतीन टक्के जकात आणि गिरणीच्या प्रत्येक कापडावर साडेतीन टक्के अबकारी अशी बरोबरी साधण्यात आली, त्यामुळे लँकेशायरशी ज्याची कधी स्पर्धाच नव्हती ते जाडेभरडे कापडही करपात्र ठरले. याविरुद्ध टिळकांनी परदेशी कापडाच्या बहिष्काराची चळवळ उभारली.

दर किरकोळ होता, पण वेळ वाईट होती. गिरण्यांचा मोठा नफा चीनला जाणाऱ्या सुतावर होता. १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद होऊन रुपयाचा भाव चांदीपासून सुटल्यावर चांदीत व्यवहार करणाऱ्या चिनी गिऱ्हाइकाला मुंबईचे सूत महाग पडू लागले, आणि पुढे जपानने ती बाजारपेठ हळूहळू बळकावली. मालक सुताकडून मागांकडे वळले, आणि कर नेमका मागावरच्या मालावर होता.

१९२१ पर्यंत आयात जकात अकरा टक्क्यांवर गेली तरी अबकारी साडेतीनच राहिली. म्हणजे संरक्षण होतेच, तरीही गाऱ्हाणे संपले नाही, कारण खरे दुखणे जपानी स्पर्धेत होते. सोलापूर-अहमदाबादच्या गिरण्यांना मजुरी व बाजार स्वस्तात लाभत असताना परळ-लालबागमध्ये जमीन, इमारती आणि यंत्रे यांत अडकलेले भांडवल उचलून नेता येत नव्हते. कमी करता येण्याजोगी होती ती मजुरी. १९२५ मध्ये मालकांनी ती साडेअकरा टक्के कापली, सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले, आणि डिसेंबरात सरकारने अबकारी तहकूब केल्यावरच कपात मागे घेण्यात आली. पुढच्या वर्षी कर कायमचा रद्द झाला.

मग बिगरब्रिटिश कापडावरील जकात चढत चढत १९३३ मध्ये पंचाहत्तर टक्क्यांवर पोहोचली. जपानने उत्तर म्हणून हिंदी कापूस घेणे थांबवले, तेव्हा झळ वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्यालाही लागली. १९३४ च्या करारात जकात पन्नास टक्क्यांवर आली, आणि जपानने कापसाच्या दहा लाख गाठी घेतल्यास त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड, पंधरा लाख घेतल्यास चाळीस कोटी वार, असे वावर आणि माग एकाच हिशेबात बांधले गेले.