दीपाची आई

आपल्या आळीत बायकांना नावाने कोण ओळखते? सुमनची आई, बंड्याची आई, असेच चालते. बौद्ध ध्यानाच्या एका थोर गुरू 'दीपा मा', म्हणजे दीपाची आई, याच नावाने जगाला ठाऊक आहेत, हे वाचले तेव्हा त्या मला शेजारणीसारख्या वाटल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; तेव्हा जे समजले तेवढेच लिहिते.

त्यांचे खरे नाव ननीबाला बरुआ. जन्म १९११ चा, चितगाव भागातल्या बंगाली बौद्ध घराण्यातला. बाराव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी सासरी, म्हणजे थेट ब्रह्मदेशात, रंगूनला गेल्या. नवरा इंजिनियर व स्वभावाने प्रेमळ. पण पुष्कळ वर्षे मूल नाही. पस्तिशीत मुलगी झाली, ती तीन महिन्यांत गेली. मग दीपा. तिच्यानंतरचा मुलगा जन्मताच गेला. १९५७ साली नवराही अचानक वारला. बाई अंथरुणाला खिळल्या. हृदयविकार, रक्तदाब, झोप नाही. मनासाठी काही केले नाहीत तर दुःखानेच मराल, असे डॉक्टरांनी बजावले.

तेव्हा होते नव्हते ते शेजारणीच्या हवाली करून, दीपाला सांभाळ असे सांगून त्या ध्यानकेंद्रात गेल्या. लहान पोरीला सोडून जाणे मला वाचतानाही जड गेले. पण घरी राहून तरी त्या पोरीला आई कितपत लाभली असती? अशक्तपणा एवढा की केंद्राच्या पायऱ्या हातापायांवर रांगत चढल्या. आणि तिथे कुत्रा चावला! उपचारासाठी माघारी यावे लागले. एखादी म्हणाली असती, आपल्या नशिबातच नाही. या घरीच जमेल तसे ध्यान करीत राहिल्या. पुढे बंगाली गुरू अनागारिक मुनींद्र यांच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा बसल्या, आणि प्रकृती सुधारली. रांगत चढणाऱ्या बाई पायऱ्या चालत चढू लागल्या.

ही पद्धत ब्रह्मदेशातल्या महासी सयाडो यांची. श्वासाबरोबर पोट वर येते, खाली जाते, तिकडे लक्ष ठेवायचे. दुखले, राग आला, भीती वाटली, तर तसे मनाशी नोंदवायचे. तिला हुसकवायचे नाही, तिच्या मागे धावायचेही नाही. आपल्या इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र आहे. तीही ब्रह्मदेशातूनच आली, पण गुरुपरंपरा निराळी.

१९६७ साली त्या कलकत्त्याला आल्या. घर लहान, खाली धातू घासण्याचा कारखाना, दिवसभर कर्कश आवाज. त्या खोलीत शेजारपाजारच्या बायका शिकायला येत. वेळ कुठला, असे म्हणणारीला त्या सांगत, भात ढवळताना, कपड्यांना इस्त्री करताना लक्ष तिथेच ठेव. अंगावर पाजणाऱ्या आईला सांगत, बाळ दूध ओढते तिकडेच ध्यान दे. १९८० मध्ये त्यांना अमेरिकेत शिकवायला बोलावले; तिथल्या शिकलेल्या मंडळींनाही त्यांनी हेच सांगितले. १९८९ साली कलकत्त्यातच त्या गेल्या.

मी भाकरी थापताना करून पाहिले. दुसऱ्या भाकरीलाच मन विजेच्या बिलावर गेले, आणि शेजारच्या चुलीवरचे दूध उतू गेले. सासूबाई म्हणाल्या, "आधी दुधावर ध्यान ठेव." त्यांनी दीपा मांविषयी काही वाचलेले नाही.