वासलेला जबडा

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत पहाडी सिंहाची, म्हणजे प्यूमाची, शिकार आजही कायदेशीर आहे. ती असावी की नसावी हा वाद तिथे जुना आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९० मध्ये ती बंद पाडली, तर कोलोराडोच्या मतदारांनी २०२४ मध्ये तशाच बंदीचा प्रस्ताव फेटाळला. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या पुढच्या प्रश्नाबद्दल: मारलेला सिंह दिवाणखान्यात उभा करायचा तो कोणत्या आविर्भावात? यावर एक मत इतके रूढ आहे, की ते कोणी तपासूनही पाहत नाही. जबडा वासलेला, सुळे बाहेर, नाकावर आठ्या, कान डोक्याला चिकटलेले. असा असेल तरच तो खरा सिंह.

पूर्वपक्षाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. तो निव्वळ भडकपणाच्या हौसेतून आलेला नाही. शिकारी म्हणतो, मी त्याला असाच पाहिला. बर्फावर ताजा माग सापडला, कुत्रे सोडले, तासन्‌तास पाठलाग झाला, सिंह झाडावर चढला आणि खाली बघून त्याने दात दाखवले. डोळ्यांनी पाहिले तेच उभे केले, तर त्यात खोटे काय?

पाहिले ते खरे, पण त्याचा अर्थ लावण्यात घोटाळा आहे. डार्विनने १८७२ च्या भावाविष्कारांवरील ग्रंथात दातांनी भांडणाऱ्या प्राण्यांच्या कानांची नीट चिकित्सा केली आहे. कान मागे पाडायचे ते शत्रूच्या दातांत सापडू नयेत म्हणून. ही बचावाची तयारी झाली. हरणावर झेप घेणारा प्यूमा असा दिसत नाही. तो दबा धरतो तेव्हा तोंड मिटलेले असते, कान पुढे रोखलेले असतात, आवाज तर नसतोच. भक्ष्याला आधीच इशारा देऊन त्याचे पोट कसे भरेल? दात दाखवणारा सिंह सांगत असतो, मागे हो, मला जाऊ दे. शिकाऱ्याला भिंतीवर पराक्रम टांगायचा असतो आणि तो टांगतो जनावराची भीती. शिवाय झाडावर चढलेला प्रत्येक सिंह गुरगुरतो असेही नाही. कित्येक नुसते फांदीवर बसून खालचा गोंधळ बघत राहतात. त्या क्षणाचा पुतळा मात्र कोणी मागत नाही.

डरकाळीचा भास देणारा पुतळा तर सरळच चुकीचा. प्यूमाला वाघासारखी डरकाळी फोडता येत नाही. तो मांजरासारखा घुरघुरतो, शिट्टीसारखा आवाज काढतो, माजावर आलेली मादी किंचाळते.

यावर दुसरा आक्षेप येतो: सुळे दिसले नाहीत तर जनावराचा आकार कळणार कसा? इथे पूर्वपक्षाला स्वतःच्याच कारागिरीचा विसर पडतो. आजच्या पुतळ्याच्या आत पेंढा नसतो, कवटीही नसते. मापाप्रमाणे मागवलेला फोमचा साचा, त्यावर कमावलेले कातडे, काचेचे डोळे, आणि वासलेल्या जबड्यात प्लास्टिकचे दात नि जीभ. पाहुणे ज्या सुळ्यांकडे बघून चकित होतात ते कारखान्यातून आलेले असतात. खरे दात कवटीत असतात आणि मोठेपणाची नोंदही कवटीवरूनच होते. बून अँड क्रॉकेट क्लब कवटी साठ दिवस वाळल्यावर तिची लांबी आणि रुंदी इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत मोजतो आणि दोन्हींची बेरीज करतो. या क्लबचे एक संस्थापक थिओडोर रूझवेल्ट. १९०१ च्या हिवाळ्यात त्यांनी कोलोराडोतल्या मीकरजवळ प्यूमांची शिकार केली आणि कवट्या मोजणीसाठी शास्त्रज्ञांकडे पाठवल्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या नराचे वजन २२७ पौंड होते, आणि त्याच्या कवटीचा विक्रम कित्येक दशके टिकला. ज्याला दातांचा अभिमान आहे त्याने कवटी स्वच्छ करून फळीवर ठेवावी.

हा वासलेला जबडा आपल्यालाही परका नाही. म्हैसूरच्या व्हान इंगेन यांच्या कारखान्याने विसाव्या शतकात संस्थानिकांसाठी नि साहेबांसाठी हजारो वाघ-बिबटे असे तयार केले. जुन्या राजवाड्यांच्या भिंतींवरून ते अजून आपल्यावर गुरगुरतात. १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली, पण नजर बदलली नाही. जुन्नर भागात पिंजऱ्यात सापडलेल्या बिबट्याचा दात विचकलेला फोटो छापून येतो आणि आपण त्याला चवताळलेला म्हणतो. कोंडलेल्या जनावराने दुसरे करावे तरी काय?

उरतो शेवटचा बचाव: माझी शिकार, माझी भिंत. कबूल, फक्त मग ‘तो असाच होता’ हा दावा सोडावा. ज्याला तो दावा करायचाच आहे, त्याने कातडे उतरवण्याआधी चेहऱ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत आणि नाकापासून डोळ्यापर्यंतचे अंतर, मानेचा नि छातीचा घेर मोजून ठेवावा. काचेचे डोळे गोल बाहुलीचे मागावेत; घरच्या मांजरासारखी उभी चीर प्यूमाच्या डोळ्यात नसते. साचा मिटल्या तोंडाचा घ्यावा. आणि कान पुढे हवेत हे कारागिराला आधीच बजावावे, कारण कातडे वाळल्यावर ते फिरवता येत नाहीत.