मशीनखालची गोधडी

गोधडी मशीनवर शिवायला घेतली की पहिल्या दिवशी बहुतेकांना एकच अनुभव येतो. वरचं कापड, मधलं जुनेर आणि खालचं अस्तर कडेला कड लावून नीट जुळवलेलं असतं. पहिली टीप झोकात सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वरचं कापड बोटभर पुढे आलेलं असतं. शेजारची टीप उलट बाजूने मारावी, तर दोन टिपांमधलं कापड तिरपं ओढलं जातं आणि चुण्या पडतात. आजीच्या लुगड्याचा तुकडा घेऊन मी पहिल्यांदा हे करून पाहिलं, तेव्हा चार टिपांत कापडाचा पीळ झाला आणि सगळं उसवण्यात दुपार गेली. हात बसलेला नाही म्हणून असं झालं, अशी मी समजूत घातली. दोष हाताचा नव्हता, मशीनच्या घडणीतच होता. मशीनवर गोधडी शिवण्याचा इतिहास हा थर सरकू न देण्याच्या खटपटीचा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं.

हाताच्या गोधडीत ही अडचण येतच नाही. जमिनीवर जुनी लुगडी, धोतरं, परकर पसरायचे, तळहाताने साफ करायचे आणि सरळ त्यावर बसायचं. बसणारीच्या वजनाने थर दाबून राहतात. कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घालत मध्याकडे येतो. गोधडी जागची हलत नाही, बाई तिच्याभोवती सरकत जाते. दर फेऱ्याला पुन्हा हात फिरवून कापड साफ करता येतं, म्हणून फुगा राहत नाही. दक्षिण महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात. हिंदीतली गुदडी ही तिची सख्खी बहीण आणि बंगालची कांथा त्याच घराण्यातली. संस्कृतात ठिगळांच्या वस्त्राला कंथा हाच शब्द आहे. गाडगेबाबांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या पांघरुणामुळे लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत.

कडेकडून आत येण्याची हीच रीत उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या गोधडीत, म्हणजे कवंदीत, फार देखणी झाली आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्टीत राहणारा हा समाज मूळचा आफ्रिकेतला. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं आणि तिथून सुटून ते घाटावरच्या रानात गेले. कवंदीत वरचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. शिवत शिवत एकेक तुकडा ठेवायचा, कडा मुडपायची आणि पुढे जायचं. त्यामुळे अडकून फुगायला कापडच शिल्लक राहत नाही. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांचे ‘फुला’ लावतात, त्यावाचून कवंदी अपुरी मानतात. थर सरकण्यावरचा इतका साधा आणि इतका पुरा इलाज मला दुसरीकडे दिसलेला नाही.

आता मशीनकडे येऊ. फ्रान्समधल्या बार्तेलमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या कारखान्यात सैनिकांचे गणवेश शिवले जात. पोट जाईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने तो कारखाना फोडला. पण त्याचं यंत्र साखळी टाक्याचं होतं, एकाच दोऱ्याचं. साखळी टाक्याचं टोक सुटलं की ओढताक्षणी सगळी शिवण उसवते. रात्रंदिवस अंगाखाली रगडल्या जाणाऱ्या आणि दगडावर आपटून धुतल्या जाणाऱ्या पांघरुणाला तो टाका काय कामाचा?

गोधडीला उपयोगी पडणारं यंत्र अमेरिकेतल्या इलियास हाउचं. त्याचं पेटंट १८४६ चं. हाउने सुईचं नेढं टोकाकडे नेलं आणि खालून शटलमधून दुसरा दोरा आणला. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचा जागेवर राहतो. आजही आपल्या घरातलं मशीन हाच टाका घालतं. हाउच्या यंत्रातली दुसरी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यात कापड उभं लटकवलेलं असे, एका पट्टीवरच्या काट्यांना टोचून, आणि ती पट्टी पुढे सरकत असे. म्हणजे सगळे थर एकत्र टोचलेले, एकमेकांवरून घसरणार कसे? पण पट्टी संपली की थांबायचं, कापड काढायचं, पुन्हा टोचायचं. शिवण सरळ रेषेतच होई आणि लांबीही पट्टीएवढीच.

ही अडचण आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये सोडवली. त्याच्या यंत्रात कापड आडव्या टेबलावर आलं, सुई उभी झाली आणि कापड वरून दाबणारा फूट आला. मग १८५४ मध्ये अ‍ॅलन विल्सनने फुटाखालच्या दात्यांना चार चाली दिल्या: वर या, मागे ढकला, खाली जा, पुढे या. आज मशीनच्या पट्टीतून डोकावणारे दाते ते हेच. कापड हवं तितकं लांब आणि हवं तसं वळवून शिवता येऊ लागलं, कपड्याच्या शिलाईचं सोनं झालं.

आणि गोधडीचं दुखणं तिथेच जन्मलं. दाते ढकलतात फक्त खालच्या थराला. वरच्या थराला फूट दाबून अडवतो. दोन थरांच्या शिवणीत हा फरक जाणवत नाही, पण पाच-सहा थरांच्या गोधडीत दर टाक्याला वरचा थर केसभर मागे राहतो आणि दोन हात लांबीच्या टिपेत त्या केसांचं बोट होतं. माझ्या त्या दुपारचं कारण हे.

तरीही अमेरिकेतल्या बायकांनी मशीन हाताशी आल्यावर रजया त्यावर शिवायला घेतल्या. सिंगर कंपनीने १८५६ पासून हप्त्याने मशीन द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते मध्यमवर्गाच्या घरात शिरलं. टिपांमधलं अंतर सारखं राहावं म्हणून फुटाला एक वाकडी सळी लावायची सोय झाली. आधीच्या टिपेवर सळी ठेवायची आणि पुढची टीप मारत जायचं. थर सरकणं त्याने थांबलं नाही, रेषा मात्र समांतर झाल्या.

त्या काळातलं एक काम मला फार जवळचं वाटतं. जॉर्जियात १८३७ मध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सने बायबलमधल्या गोष्टी कापडाच्या आकृत्यांत मांडून एक रजई केली. ती १८८६ मध्ये अथेन्स गावच्या कापूस प्रदर्शनात मांडली होती. पुढे अडचणीत असताना तिला ती पाच डॉलरला विकावी लागली. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. तिच्यात हाताचे टाके आहेत तसे मशीनचेही आहेत. लोककलेचा इतका मोठा ठेवा मानली गेलेली ही वस्तू हात आणि मशीन शेजारी शेजारी वापरून झाली आहे. मशीनला परकं मानण्याची रीत त्या बाईला माहीतच नव्हती.

ती रीत नंतर पडली. विसाव्या शतकातल्या रजयांच्या स्पर्धांमध्ये हाताच्या टाक्याला मान आणि मशीनच्या टिपेला नाक मुरडणं हा जवळजवळ नियम झाला. १९८९ मध्ये केंटकीतल्या पडूका गावच्या मोठ्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्टच्या ‘कोरोना २: सोलर एक्लिप्स’ या खग्रास सूर्यग्रहणावरच्या रजईला सर्वोत्तम ठरवलं गेलं. ती मशीनने शिवलेली होती. तो मान मिळवणारी मशीनवरची पहिली रजई तीच.

मधल्या काळात तंत्रात दोन गोष्टी घडल्या होत्या. एक, वॉकिंग फूट. चामडं आणि गाद्यांचं जाड कापड शिवणाऱ्या मशिनांमध्ये वरूनही कापड ओढायची सोय होती, तीच घरगुती मशीनसाठी जोडणी म्हणून आली. या फुटाला स्वतःचे दाते असतात आणि त्याचा एक हात सुईच्या स्क्रूवर अडकवतात. सुई वर-खाली झाली की फूट पाऊल उचलून टाकतो. खालचे दाते आणि वरचे दाते एका चालीने चालतात, वरचा थर मागे राहत नाही. सरळ टिपांसाठी यासारखं साधन नाही, मात्र फुला-वेलींची वळणं त्याला जमत नाहीत.

दुसरी गोष्ट नेमकी उलट विचाराची. दाते खाली पाडायचे किंवा झाकून टाकायचे आणि कापड दोन हातांनी हवं तसं फिरवायचं. ढकलणारंच कोणी नाही, तर थर सरकणार कशाने? मशीन फक्त टाका घालतं, टाक्याची लांबी आणि दिशा हात ठरवतात. पाश्चात्त्य पुस्तकांत याला फ्री मोशन म्हणतात आणि नव्या पिढीला ते नवीन वाटतं. पण आपल्याकडे मशीन भरतकामाच्या क्लासला गेलेल्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. पायाच्या काळ्या मशीनचा फूट काढायचा, दात्यांवर प्लेट बसवायची, कापड गोल रिंगमध्ये ताणायचं आणि उशीच्या अभ्र्यावर गुलाब काढायचा. तो हात ज्यांना बसला आहे त्यांनी रिंग काढून ठेवावी, खाली तीन थर घालावेत आणि स्प्रिंगचा छोटा फूट लावावा. आठवड्यात त्या गोधडीवर वेलबुट्टी काढू लागतील. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे हे शिकवताना कोणी सांगितलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

सिंगरने १८७० च्या दशकात भारतात बस्तान बसवलं. १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा मशीन तयार होऊ लागलं. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांत बायका शिवण शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहत होत्या. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये बोलताना शिवणयंत्राला अपवाद केला. सिंगरने बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते यंत्र शोधलं, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात यंत्र अनेकांच्या डोक्यातून आलं होतं, पण घरातल्या बाईचे कष्ट वाचवणारं यंत्र म्हणून त्यांनी दिलेला मान योग्यच होता. तरी गोधडी बराच काळ मशीनखाली गेली नाही. कपड्यांना मशीन, गोधडीला हात, अशी वाटणी घराघरांत झाली. सुईखाली न मावणारी गोधडीची जाड घडी हेच त्याचं मोठं कारण.

सामानाचा बदल मात्र थांबला नाही. १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी जो पॉलिएस्टर धागा शोधला तो टेरिलीन आणि टेरिकॉट होऊन आपल्या कपाटात आला, आणि दोन-तीन दशकांत जुनेराच्या गाठोड्यातली सुती लुगडी कमी होऊन गुळगुळीत साड्या वाढल्या. त्या रंग सोडत नाहीत, लवकर वाळतात. पण घाम टिपत नाहीत, आणि मशीनखाली तर सुती कापडाच्या दुप्पट घसरतात. सिंथेटिक साडी गोधडीत घालायचीच असेल तर सगळ्यात वर तुकड्यांमध्ये घाला. मधल्या थरात घालाल तर कोणताही फूट ती धरून ठेवणार नाही.

भरावाचं म्हणाल तर फायबरचं शीट हलकं आणि उबदार असतं, पण विरळ विणीच्या कापडातून त्याचे तंतू बाहेर डोकावतात. कापसाचं दाबून केलेलं शीट मिळालं तर ते जास्त चांगलं. नव्या सुती कापडाला आधी एक धुणं द्या, ते आटतं. जुन्या लुगड्याला ती गरज नाही, ते आयुष्यभरात आटून झालेलं असतं. जीन्सचं कापड वापरलंत तर भरावच नको, दोन थर पुरतात, सुई मात्र १८ नंबरची लावा. जुनेराच्या थरांना १६ नंबर चालतो.

हाताने कडेकडून आत यायचं असतं, मशीनवर मध्यापासून कडेला जायचं. कापड फुगलं तर ते बाहेर निघून जायला वाट हवी, म्हणून. टाका मोठा ठेवा, तीन मिलिमीटरच्या वर. बारीक टाक्याची गोधडी पत्र्यासारखी ताठ होते. फूट दाबणारा वरचा स्क्रू थोडा सैल करा. मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना टोचा. हाउच्या पट्टीवरचे काटे ते हेच, फक्त आपण ते सगळ्या गोधडीभर पसरवतो. सुरुवात पूर्ण पलंगाच्या गोधडीने करू नका. बाळाचं दुपटं घ्या, मांजरपाटावर सराव करा.

मशीनची गोधडी हाताच्या गोधडीइतकी मऊ होत नाही, हे खरं आहे. धावदोऱ्यात एकच दोरा असतो आणि दर टाक्यानंतर तो कापडाखाली जातो, म्हणून गोधडीला घडी घेता येते. मशीनच्या टिपेत दोन्ही बाजूंनी अखंड दोरा असतो. ती टीप टिकाऊ असते, धुण्याला दाद देत नाही आणि महिन्याचं काम दोन दिवसांत होतं. हे दोन वेगळे गुण आहेत, आणि नवी गोधडी करताना मी बिनदिक्कत मशीन निवडेन.

जुन्या गोधडीचं मात्र तसं नाही. घरात आजीची, पणजीची वाकळ असेल आणि तिचे टाके सुटले असतील तर ती मशीनखाली घालू नका. विरलेलं कापड सुईच्या ठोक्याने धाग्याधाग्यात तुटतं आणि मशीनच्या घट्ट टिपेशेजारी फाटत जातं. जाड सुई घ्या, सुती दोरा घ्या, ती जमिनीवर पसरा, आणि ज्या बाजूने धावदोरा आला होता त्याच बाजूने हाताने पुढे न्या.