थुकरटवाडीचा पोस्टमन

पावसाळ्यात महाबळेश्वरची बाजारपेठ लवकर मिटते आणि आम्ही म्हातारी मंडळी टीव्हीपुढे बसतो. म्हणून आज त्या टीव्हीवरच्या हसण्याबद्दलच बोलू. आमचा प्रश्न एवढाच, की मोठ्यांच्या गप्पांत सामान्य माणसाला जागा कुठली?

तमाशात ही अडचण नव्हती. वगातला राजा कितीही ऐटीत येवो, सोंगाड्या त्याची टर उडवायचाच. आणि सोंगाड्या तर आपल्यातलाच. ‘गाढवाचं लग्न’मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार आठवा.

पुढे 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, ‘गजरा’ने प्रहसनं घरात आणली. 2014 मध्ये झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ आलं. निलेश साबळे सूत्रधार, भोवती भाऊ कदम, श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, आणि समोर पाहुणे. शाहरुख खानही थुकरटवाडीत येऊन गेला.

इंग्लंडात ग्रॅहम नॉर्टनचा असाच रात्रीचा कार्यक्रम 2007 पासून चालू आहे. तिथे नामवंत एका सोफ्यावर बसतात. शेवटी प्रेक्षकांतला कुणी लाल खुर्चीत बसून आपला किस्सा सांगतो. किस्सा रंगला नाही, की दांडा ओढायचा. माणूस खुर्चीसकट मागे उलटा! सामान्य माणसाला जागा मिळते, पण ती अशी.

आपल्याकडे पाहुणे बहुधा नव्या सिनेमाच्या प्रसिद्धीला यायचे. मग त्यांची टर जपूनच उडवणार ना? तो नेम साडी नेसलेल्या पुरुषांवर वळला. त्यावर आक्षेप आले, ते आम्हाला रास्त वाटतात. पण मग सागर कारंडेंचा पोस्टमन यायचा आणि अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायचा. हसणारं सभागृह गप्प व्हायचं, पाहुणे डोळे पुसायचे.

हसताना हृदय क्षणभर बधिर व्हावं लागतं, असं बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1900 साली मांडलं. पोस्टमन ती बधिरता उतरवायचा. हे मोठंच काम.

तरी एक खंत उरते. सोंगाड्याच्या तोंडून सामान्य माणूस राजाला हसत होता. पत्रातून तो राजाला रडवतो. त्याच्या दुःखाला आपण जागा दिली. त्याच्या थट्टेला मात्र अजून देत नाही. 2024 मध्ये दहा वर्षांनी तो कार्यक्रम थांबला, 2025 मध्ये नव्या रूपात परतला. सोंगाड्या परतला का, हे तुम्हीच पाहून सांगा.