रसेल, एलिझाबेथ

(१९१६–२००२). अमेरिकन चित्रपट-अभिनेत्री. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याच्या काळात मुख्य चित्रपटाच्या जोडीला लागणाऱ्या कमी खर्चाच्या, म्हणजे ‘बी’ चित्रपटांतील सहायक भूमिकांसाठी प्रसिद्ध. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या भयपटांत त्यांचे महत्त्वाचे काम आहे.

मॉडेलिंग करून त्या हॉलिवूडमध्ये आल्या. ‘गर्ल ऑफ द ओझार्क्स’ (१९३६) हा त्यांचा सुरुवातीचा चित्रपट. प्रख्यात तारका रोझालिंड रसेल त्यांच्या नणंद. मोनोग्रॅम कंपनीच्या ‘द कॉर्प्स व्हॅनिशेस’मध्ये (१९४२) त्यांनी बेला लुगोसीची बायको रंगवली. पळवून आणलेल्या नववधूंच्या जिवावर तरुण राहणारी ही काउंटेस शवपेटीत झोपते.

त्याच वर्षी ल्यूटन यांच्या, आरकेओ कंपनीच्या ‘कॅट पीपल’मध्ये (दिग्दर्शक जाक तूर्नर) त्या एकाच प्रसंगात दिसल्या. सर्बियन उपाहारगृहात लग्नाची मेजवानी चालू आहे. केसांत मांजराच्या कानांसारखा फितीचा बो लावलेली एक अनोळखी स्त्री उठते, नववधू इरेनाला सर्बियन भाषेत ‘बहीण’ म्हणते आणि निघून जाते. आवाजसुद्धा त्यांचा नव्हे, नायिका सिमोन सिमोनचा. श्रेयनामावलीत नाव नाही. तरीही हिंस्र मार्जार बनण्याच्या इरेनाच्या शापावर प्रेक्षकाचा विश्वास बसतो तो याच चेहऱ्यामुळे.

उंच गालफडे आणि थंड नजर यांमुळे त्यांना भीतिदायक स्त्रियांच्याच भूमिका मिळत गेल्या; ‘द अनइनव्हायटेड’मधील (१९४४) मृत मेरी मेरेडिथच्या तैलचित्रासाठीही त्यांचाच चेहरा वापरला गेला. ल्यूटन यांनी मात्र त्या चेहऱ्यातले दुःख हेरले. ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’मधील (१९४३) क्षयाने खंगलेली मिमी मरणाला भिऊन घरात कोंडून घेणे सोडते आणि शेवटची मौज करायला नटूनथटून बाहेर पडते, त्याच वेळी शेजारच्या खोलीत गळफास घेणाऱ्या, नायिकेच्या बहिणीच्या पायाखालची खुर्ची पडल्याचा आवाज येतो.

‘द कर्स ऑफ द कॅट पीपल’मधील (१९४४) बार्बरा ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी मानावी लागेल. म्हातारी आई तिला पोटची मुलगी मानतच नाही. खरी मुलगी लहानपणीच वारली, असा तिचा हेका. आईचे प्रेम ॲमी या परक्या मुलीला मिळते, म्हणून बार्बरा त्या चिमुरडीच्या जिवावर उठते. पण ॲमी तिला मैत्रीण समजून मिठी मारते, आणि गळा आवळायला आलेले हात हळूहळू सैल पडतात. संवादाविना घडणारा हा बदल रसेल यांनी बोटांतून आणि डोळ्यांतून दाखवला आहे. ‘बेडलॅम’ (१९४६) या ल्यूटन यांच्या आरकेओतील अखेरच्या भयपटातही त्या होत्या. पुढे त्यांच्या भूमिका तुरळक झाल्या.