प्लास्मिडांचे प्रमाणीकरण : एक संक्षिप्त इतिहास

झाशीच्या बडा बाजारासारख्या जुन्या पेठांत पूर्वी माल शेराने मोजला जाई. पण शेर प्रांतागणिक बदलत असे. म्हणून एका गावचा भाव दुसऱ्या गावी जसाच्या तसा लावता येत नसे. १९५६ चा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला आणि हा घोळ मिटला. जनुक अभियांत्रिकीतही असाच घोळ होता. तो कसा आवरला, ते या टिपणात पाहू.

जिवाणूत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी, बहुधा गोल कडी असू शकते. तिला १९५२ साली जोशुआ लेडरबर्ग यांनी प्लास्मिड हे नाव दिले. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांच्या गटांनी पीएससी१०१ या प्लास्मिडात परका डीएनए जोडून तो ई. कोलायमध्ये वाढवून दाखवला. १९७७ चे पीबीआर३२२ तर जगभर रुळले. मात्र त्याचा आरंभबिंदू, म्हणजे जिथून प्लास्मिडची प्रत निघू लागते ती जागा, ई. कोलाय आणि त्याच्या जवळच्या नातलगांतच चालते.

उपयोगी गुण तर इतर जिवाणूंतही आहेत. आनंद चक्रवर्ती यांनी स्यूडोमोनासमध्ये तेल पचवणारी प्लास्मिडे एकत्र आणली आणि १९७२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. लक्षात ठेवा, त्यांनी डीएनए कापून जोडला नव्हता. जिवाणूंच्या नैसर्गिक देवाणघेवाणीचाच उपयोग केला होता.

अनेक जातींत टिकणारी प्लास्मिडे सापडली ती बऱ्याचदा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंत. आरके२ हे १९६९ मध्ये बर्मिंगहॅमच्या रुग्णालयातील जळीत विभागात मिळाले. आरएसएफ१०१० स्वतःच्या प्रतीसाठी लागणारी मुख्य प्रथिने स्वतःच बनवते, म्हणून ते यजमानावर कमी अवलंबून असते. पण प्रत्येक प्रयोगशाळेने आपापल्या सोयीने तुकडे जोडले. एकीचा भाग दुसरीच्या प्लास्मिडात बसेना.

२००३ मध्ये टॉम नाइट यांनी बायोब्रिक ही जोडणीची ठराविक पद्धत मांडली. पुढे माद्रिदच्या व्हिक्टर दे लोरेन्झो यांच्या गटाने ‘सेवा’ हा प्रमाणित संच उभारला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रतिजैविक-खूण, आरंभबिंदू आणि कामाचे जनुक असे तीन बदलता येणारे भाग आहेत. त्यांच्या सीमांवर क्वचितच आढळणाऱ्या छेदन-जागा ठेवल्या आहेत, म्हणजे एक भाग काढताना दुसरा कापला जात नाही. नावही वाचता येते. पीसेवा२३७ घ्या : २ म्हणजे कॅनामायसिन, ३ म्हणजे पीबीबीआर१ चा आरंभबिंदू, ७ म्हणजे हिरवे चमकणारे प्रथिन.

दोन मर्यादा ध्यानात घ्या. हा संच मुख्यतः ग्राम-ऋण जिवाणूंसाठी घडवला गेला. लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यातला बॅसिलस ग्राम-धन आहे, त्याला वेगळे आरंभबिंदू लागतात. दुसरे असे, की खूण म्हणून वापरलेले जनुक म्हणजे औषध-प्रतिरोधच होय, आणि या प्लास्मिडांत दुसऱ्या पेशीत नेले जाण्याची सोयही ठेवलेली असते. म्हणून प्रयोगानंतर चंबू निर्जंतुक केल्याशिवाय मोरीत रिकामा करू नका. रुग्णालयातून आलेली वस्तू आपल्या हलगर्जीपणाने पुन्हा रुग्णालयात पोचता कामा नये.

स्वाध्याय : पीसेवा२३७ मध्ये फक्त प्रतिजैविक-खूण बदलायची असेल, तर नावातला कोणता अंक बदलेल?